आखडलेली मान

मसाजवाल्या ताईंच्या डोक्यात किडा वळवळत होता. काकांची मान दर खेपेला मोकळी करून पाठवली, तरी आठवड्यात पुन्हा आखडायची कशी, आणि तीही एकाच बाजूने? उशी तर केव्हाच बदलून झाली होती. आज त्यांनी डावीकडून हळूच विचारलं, "दुखतंय का?" काका गप्प. उजवीकडून तेच विचारलं, तर लगेच उत्तर आलं, "नाही!"

"काका, तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. सारखी मान वळवून ऐकता, म्हणून ती आखडते. थांबा, बाहेर काकू बसल्यात त्यांना सांगते. कानाचं मशीन लावून घ्या."

काका ताडकन उठून बसले.

"अहो ताई, नको! ती बोलायला लागली की मी अख्खा तिच्याकडे वळतो. इतक्या वर्षांनी आता कुठे तिला वाटायला लागलंय, नवरा आपलं मन लावून ऐकतो."