दहाव्याचा कावळा

ड्रोनांनी आकाश ताब्यात घेतल्यापासून सीमेवर एकही कावळा उरला नव्हता. तरी मेजर उल्का धायगुडेने भावाचं दहावं चौकीवरच केलं. घरी दुसरं होतंच कोण?

"नंदू, तुला मारणाऱ्याला मी सोडणार नाही," तिने पिंडासमोर वचन दिलं. आभाळ रिकामंच राहिलं.

"मॅडम, दर्भाचा कावळा करू का?" हवालदार शेलारने विचारलं.

तेवढ्यात शत्रूचा पिवळ्या पट्ट्याचा ड्रोन खाली उतरला. नंदूला मारणारा तोच. सुरुंगबिरुंग आहे का ते बघायला त्याने पिंडाला पंजा लावला. उल्काने बंदूक रोखली.

"हाणा, मॅडम!"

"शिवलेल्या कावळ्याला कोणी मारतं का रे?" असं म्हणून तिने बंदूक खाली ठेवली आणि हात जोडले.

ड्रोन उडून गेला. आता तिला वैर धरायलाही कोणी उरलं नव्हतं.