आरसेमहाल

"आरसेमहाल कुठंय?" नातीनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गाइडला थांबावंच लागलं.

"बाळ, इथे आरसेमहाल नाही. हा दरबार झाला, पुढे राणीची न्हाणी, मग घुमट."

"आहे. माझ्या आजीनं पाहिलाय."

तिच्या हातात वहीचं पान होतं. आजी सांगायची ते सगळं तिनं त्यावर लिहून आणलं होतं. सिंहाचा दरवाजा सापडला. एक टाळी वाजवली की सात ऐकू येणारी भिंतही सापडली. फक्त आरसेमहालापुढे खूण व्हायची राहिली होती.

तिचा बाप पुढे झाला. "अहो, माझी आई स्वतः येऊन गेलीय इथे. ओळीनं आरसे, बघावं तिकडे आपणच. लहानपणापासून ऐकतोय आम्ही. तुम्हाला माहीत नसेल तर तसं सांगा."

"साहेब, बावीस वर्षं झाली मला इथे. या राजवाड्यात आरसा एकच, तो बाहेर हात धुवायच्या नळावर."

बसमधली मंडळी हसली. नातीच्या बापाचे कान लाल झाले.

"म्हणजे माझी आई खोटं बोलायची?"

"अहो, जाऊ द्या ना," सून हळूच म्हणाली. "चारचौघांत कशाला?"

"का जाऊ द्या? तिला जाऊन वर्ष नाही झालं, आणि हा खुशाल... बाबा, तुम्हीच घेऊन आला होतात ना तिला? सांगा यांना."

सगळे म्हाताऱ्याकडे वळले. तो कठड्याला टेकून उभा होता.

"पाडला असेल," तो म्हणाला.

"काका, इथली वीटसुद्धा हललेली नाही."

"मग वरच्या मजल्यावर असेल. मला आता आठवत नाही."

"बघा!" मुलगा म्हणाला. "वरचा मजला कुलपात ठेवता आणि नाही म्हणून मोकळे होता."

नातीनं आजोबांचा हात धरला. "आजोबा, तुम्ही का नव्हता दिसत आरशात? आजी म्हणायची, ते कुठले दिसायला, ते पुढे निघून गेलेले."

"पाय दुखतायत," म्हातारा म्हणाला. "मी गाडीत जाऊन बसतो."

बस उभ्या करायचं मैदान तेच होतं. सव्वीस वर्षं बस चालवत त्यानं इथे माणसं आणून सोडली होती आणि एकदाही आत गेला नव्हता. दगडधोंडे काय बघायचे? माणसं उतरली की पुढच्या बाकड्यावर आडवं व्हायचं, संध्याकाळी हॉर्न वाजवायचा.

बायको एकदाच आली. रिकामी सीट होती म्हणून. ठेवणीतलं नेसली होती. सगळे उतरले तसा तिनंही पायरीवर पाय ठेवला.

"तू कुठे निघालीस?" तो म्हणाला होता. "सामानापाशी कुणीतरी पाहिजे."

त्याला दोन तास झोप हवी होती. तिचा चेहरा पडलेला बघून तो वर म्हणाला होता, "इथूनच दिसतंय की सगळं." त्याच्या सीटवरून, पुढच्या काचेतून, घुमट अख्खा दिसायचा. ती मागे जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर ती बायकांना एकेक विचारत होती. दरवाजा केवढा होता? टाळी कशी वाजते? त्यानं वरच्या आरशातून बघून आवाज दिला होता, "पुरे आता, डोकं उठवू नकोस त्यांचं."

आजचा ड्रायव्हर बाकड्यावर आडवा होता. म्हाताऱ्याला चढताना बघून त्यानं पाय आवरले. "या काका. दमलात? बसा पुढे, इथून घुमट मस्त दिसतो."

"माहितेय," म्हातारा म्हणाला आणि मागे गेला.

शेवटच्या सीटवर सामान रचलेलं होतं. कुणाचीतरी पिशवी उचलून त्यानं मांडीवर घेतली आणि खिडकीशी बसला.

घुमट दिसत नव्हता. हातभर अंतरावर दुसरी बस उभी होती. तिच्या बंद काचा उन्हात ओळीनं चमकत होत्या. समोरच्या काचेत एक म्हातारा पिशवी घेऊन बसला होता. तो एक सीट पुढे सरकला. त्या काचेतही तोच. आणखी एक सीट. तिथेही तोच.

तो उठला आणि परत मागे जाऊन बसला.

थोड्या वेळानं मुलगा दारात आला. धापा टाकत होता. "बाबा, चला! साहेबांपर्यंत गेलो मी. वरचा मजला उघडून देतायत. किल्लीवाला निघालाय."

मागून नात ओरडली, "आजोबा, लवकर! आजी कुठे उभी होती ते दाखवा ना!"

"तुम्ही जाऊन या."

"असं काय करता? तुमच्याशिवाय कोण दाखवणार?"

"जा म्हटलं ना. सामानापाशी कुणीतरी पाहिजे."

मुलगा क्षणभर घुटमळला, मग पोरीचा हात धरून घाईघाईनं निघाला.

पुढून ड्रायव्हर हसला. "काय काका, जायचं ना! मी आहे की इथे. ड्रायव्हर गाडीत असताना सामानापाशी आणखी कोण कशाला लागतंय?"

काचेतल्या म्हाताऱ्यानं पिशवी घट्ट धरली.