चौकटीबाहेरची अक्षरं

इंजिन धरून ठेवणारे कडक माउंट मीच हौसेने बसवून घेतले होते आणि तेव्हापासून गाडी नुसती थरथरायची. रोज सकाळी मी वाचनालयात सोडायला निघालो की बाबा शेजारी बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. जन्मभर शाळेत सुलेखन शिकवलेल्या माणसाची अक्षरं चौकटीबाहेर सांडायची.

"काय हे बाबा, कोंबडीचे पाय," मी एकदा चेष्टेने म्हणालो.

"गाडी तुझी, हौस तुझी, आणि बोल मात्र माझ्या अक्षराला," ते म्हणाले.

मनाला लागलं. त्याच रविवारी मेकॅनिककडे जाऊन मऊ माउंट घालून घेतले.

सोमवारी सिग्नलला थांबलो, तर इंजिन चालू आहे हेसुद्धा कळेना. "घ्या, आता लिहा बिनधास्त," मी म्हणालो. बाबांनी पेन उघडून पहिल्या चौकटीवर नेलं. टोक तिथेच थरथरत राहिलं. थोड्या वेळाने त्यांनी टोपण लावलं आणि पेपराची घडी घातली.

"आज चष्मा विसरलो रे घरी."



"बरं," म्हणालो, आणि त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे न बघता गाडी पुढे काढली.