काकी आत नाचतेय
लेस्टरच्या शाळेतल्या हॉलमध्ये नवरात्रीचा गरबा रंगला होता. धनसुखभाई भिंतीकडच्या नेहमीच्या खुर्चीवर, मांडीवर बायकोचा स्वेटर घेऊन बसले होते. वर्षानुवर्षं कोकिला नाचायची आणि ते स्वेटर सांभाळायचे. जूनमध्ये ती वारली. तरी आज निघताना हात सवयीने खुंटीकडे गेला होता. ओळखीचे लोक लांबूनच मान हलवून जात होते. नडियादहून नुकतीच शिकायला आलेली एक मुलगी शेजारी टेकली. “काका, एकटेच?” “छे, तुझी काकी आत नाचतेय.” धनसुखभाईंच्या तोंडून निघून गेलं. “कुठल्या? त्या हिरव्या साडीतल्या?” त्यांनी फेराकडे पाहिलं. “हो, तीच. गुडघे दुखतात, पण ऐकेल तर शपथ!” मुलगी खळखळून हसली. “आरतीनंतर भेटवा हं!” आरतीचं ताट आलं, तसे ते तिची नजर चुकवून बाहेर पडले. निदान त्या मुलीच्या लेखी कोकिला अजून नाचत होती.