नाडी

लेकीला मानसोपचार वॉर्डात दाखल करताना नर्सने तिच्या हुडीची नाडी काढून घेतली होती. “इथे पेशंटजवळ दोरी ठेवत नाहीत.” महिन्याने घरी सोडताना नाडी पाकिटात घालून आईच्या हातात दिली. आईने पाकीट कपाटात चादरींखाली दडवलं. एरवी ती हुडीला पोतं म्हणायची, टोपीला टोपडं. आज तेच पोतं धुऊन, घडी घालून तिने लेकीपुढे ठेवलं. लेकीने टोपीच्या रिकाम्या भोकांवर बोट फिरवलं. “आई, नाडी?” “नवी हुडी घेऊ.” “मला हीच हवी.” शेवटी आई उठून पाकीट घेऊन आली, सेफ्टी पिनही. लेकीने पिन अडकवून नाडी ओवायला घेतली. “दुसरं टोक धर गं, नाहीतर सगळीच आत जाईल.” आईने घट्ट धरलं. “झालं. सोड आता,” लेक म्हणाली. आईची मूठ लवकर उघडली नाही.