चौथं गाठोडं

बाबांचं गाठोडं सोडून झालं, धाकटीचं झालं, आईचंही झालं. आता चौथं राहिलं होतं. बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आईने हात पुसून पिशवी जवळ ओढली.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारची जेवणं आटोपली की हा कार्यक्रम असायचा. महिनाभरात आवडलेलं एक पुस्तक, एक मालिका, एक खाणं आणि सहज सापडलेली एखादी वस्तू, असं आपापलं गाठोडं प्रत्येकाने सगळ्यांपुढे सोडायचं. हे खूळ दादाचं, म्हणजे धाकटीच्या थोरल्या भावाचं. शाळेत असताना त्यानेच ते काढलं होतं. बाबांचं पुस्तक कायम अर्धवट वाचलेलं असायचं, आणि शेवटी काय होतं असं विचारलं की त्यांना नेमकी तहान लागायची. दादा हसून हसून बेजार व्हायचा.

सहा वर्षांपूर्वी तो नव्या नोकरीच्या गावी जायला निघाला. दारात 'येतो' म्हणाला. तिथे तो पोचलाच नाही. पोलीस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाले, ओळखीपाळखीचे सगळे झाले. तो सापडला नाही, आणि तो गेला असं सांगणारंही काही सापडलं नाही. आईने त्याचा तो 'येतो' तेवढा घट्ट धरून ठेवला. महिनाअखेरच्या रविवारी त्याचं गाठोडं तिनेच सोडलं. "हे पुस्तक त्याला आवडलं असेल," ती म्हणाली. तिला काही बोलायची कुणाची छाती झाली नाही.

तेव्हापासून दर महिन्याला तेच. आईला रक्त बघवत नसे, पण दादाच्या खोलीत आवाज बारीक करून ती खुनाच्या मालिका बघायची. भुताखेतांची जाडजूड पुस्तकं वाचायची आणि मग दिवा चालू ठेवून झोपायची. दादाला दुधाच्या पातेल्यातली करपलेली खरवड आवडायची. आईला त्या वासानेच मळमळायचं. तरी महिना सरत आला की गॅसवरचं दूध न चुकता विसरलं जायचं. घरभर करपट वास सुटायचा. आई ओट्याशी उभी राहून चमच्याने पातेलं खरवडायची आणि डोळे मिटून एकेक घास खायची, त्याच्यासारखीच मान तिरकी करून. पाठमोरी ती अगदी तोच वाटायची. एकदा अंधारून आलेल्या संध्याकाळी धाकटीने तिला 'दादा' अशी हाक मारली होती आणि आईने 'काय गं' म्हणून ओ दिली होती.

धाकटी एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. दिवसभर लोकांच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करायची आणि घरी येऊन गप्प बसायची. तिला दादाची आठवण येत नव्हती असं नाही. पण या घरात आवडीनिवडी आता फक्त त्याच्याच उरल्या होत्या. मघाशी तिने सांगितलेल्या पुस्तकाचं नाव आईने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा ऐकलं नव्हतं. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असं तिने सकाळीच बाबांना सांगून ठेवलं होतं. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नव्हतं.

आईने पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. सायकलच्या घंटीची गंजलेली वाटी होती.

"ही त्याला रस्त्यात दिसली असेल," ती म्हणाली. "आणि तो काही पुढे गेला नसेल. वाकून उचलली असेल, खिशात..."

"आई, पुरे कर आता," धाकटी म्हणाली. "त्याला काय आवडलं ते तुला कसं कळतं? तो कुठे आहे, आहे की नाही, हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. आम्ही दोघं इथे तुझ्यासमोर बसलोय, चांगले जिवंत. जरा आमच्याकडे बघ ना."

जिवंत हा शब्द या घरात कुणी काढत नसे. बाबा टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागले. खाली काहीच पडलं नव्हतं.

आई रागावली नाही. रागावली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं. तिने धाकटीकडे नीट पाहिलं, प्रवासाहून परतलेल्या माणसाने आपल्या माणसांकडे पाहावं तसं.

"खरं आहे गं तुझं," ती म्हणाली. "तुझं ऐकायचं राहूनच गेलं. काय म्हणालीस मघाशी पुस्तकाचं नाव?"

धाकटीने नाव सांगितलं. आईने ते मनात घोळवलं, मान हलवली. मग वाटी उचलून तिच्यावर चमचा मारला. बद्द आवाज आला. आई स्वतःशीच हसली.

"ही त्याला आवडली असती," ती म्हणाली, आणि वाटी घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघाली.

धाकटीने कान टवकारले. वाक्यात कुठेही चूक नव्हती. हेच वाक्य ऐकण्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती. स्वयंपाकघरातला करपट वास विरत चालला होता, आणि तो विरू नये असं तिला एकाएकी वाटलं. ती उठली, खुर्ची मागे पडली, आणि डब्याचं झाकण उघडायच्या आत तिने आईचं मनगट धरलं.

"असती नाही, आई," ती म्हणाली. "असेल. आवडली असेल."