सरळ रेघ

न्यूमोनियातून नुकत्याच उठलेल्या श्रीपतकाकांना त्यांची लेक दिपिका चांदीपहून बोळिंजच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आली. ती कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. ऑप्टिकल फायबर सेन्सर वाचायचं महागडं यंत्र कॉलेजकडे नव्हतं, म्हणून तिने बिघडलेल्या डीव्हीडी प्लेअरमधला लेझर डायोड काढून घरीच जुगाड केला होता. गादीखाली काचेच्या बारीक तंतूची ही फायबर अंथरली, की श्वासागणिक तिच्यातला प्रकाश कमीजास्त होणार आणि लॅपटॉपवरची रेघ वरखाली होणार.

“बाबा, लॅपटॉपवर तुमची रेघ येणार आहे. हलू नका हं,” असं गादीवर झोपवलेल्या काकांना सांगून ती हॉलमध्ये लॅपटॉपसमोर जाऊन बसली.

रेघ छान लाटांसारखी चालू लागली. दिपिकाने आनंदाने नवऱ्याला हाक मारली, “कल्पेश, लवकर ये, बाबांची रेघ बघ!”

कल्पेश आला आणि लाटा थांबल्या. रेघ एकदम सपाट.

“बाबा!” दिपिका किंचाळत खोलीत धावली. काका काठीसारखे ताठ पडले होते. गाल फुगलेले, चेहरा लालबुंद.

तिला पाहताच त्यांनी भस्सकन श्वास सोडला.



“जावईबापू बघनार म्हनून दमच धरून ठेवला, पोरी. आली ना रेघ सरळ?”